वीतभर डावीकडे

रायफलीचा परवाना हाती आला तेव्हा मला बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी अर्जुनी मोरगावच्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या, आहेच ती फुशारकी. पुढं जे घडलं त्यात तिचा हात आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

नागपूरला कॉलेजात सैनिकी शिक्षणाची तुकडी होती. तिथं मी टू-टू रायफल चालवायला शिकलो. टू-टूचं काडतूस करंगळीपेक्षा बारीक. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी असते आणि मार तिच्यावर बसतो. ह्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. सुई कडेवर आपटली की काम झालं. आवाज चाबकाएवढा, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. बंदूकवाले लोक तिला हसतात. पण कागदावर गोल काढून त्यात पाच गोळ्या एकावर एक बसवायच्या असतील तर तिच्यासारखं हत्यार नाही. त्यात मी बरा होतो. बरा म्हणजे कॉलेजात पहिला होतो.

तर मला रायफल हवी होती ती दोन कामांसाठी. एक, कागदावरचा सराव सुटू नये आणि वर्षातून एकदा नागपूरला स्पर्धेत उतरता यावं. दुसरं, सुट्टीत गावी आलो की ससा, तितर, रानकोंबडा. गाव नवेगाव बांधापासून सायकलीनं तासाभरावर, बांध्या म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं संपली की जंगलच. शेजाऱ्यांना वाटत होतं की मास्तर आता डुकरं मारणार. एकानं विचारलंच.

"मास्तर, यानं डुक्कर मरंल का?"

"नाही. डुकरावर टू-टू चालवली तर डुक्कर नुसतं चिडेल."

"मंग कायले आनता बाप्पा? डुकराले गुदगुल्या कराले?"

मी आधी नागपूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं पहिल्यांदा दस्त्याचं लाकूड दाखवलं, कसं गुळगुळीत आहे, कशा रेषा आहेत. मुलगी बघायला गेलेल्याला लुगड्याचा काठ दाखवावा तशातला प्रकार. रायफल असते नळीत. नळीतले आटे, म्हणजे आत कोरलेले पेच, शेवटपर्यंत धारदार हवेत, नळीच्या तोंडाची कड कुठं दबलेली नको, कारण गोळी जिथून बाहेर पडते तिथं केसाएवढं खरचटलं तरी पन्नास पावलांवर ती भलतीकडं जाते. चाप जड असला तर ओढतानाच हात हलतो. आणि एवढं सगळं नीट असूनही प्रत्येक रायफलीला आपापलं काडतूस मानवतं. एकीला जे चालतं ते दुसरीला चालत नाही. ते वाजवल्याशिवाय कळत नाही. मी म्हणालो, वाजवून बघू द्या. तो म्हणाला, पहले ले लो, फिर बजाओ. मी परत आलो. परवान्यावर ठरावीक मुदतीत रायफल घेऊन तिचा नंबर चढवावा लागतो, आणि मुदत सरत चालली होती.

तेवढ्यात एका शनिवारी गावी गेलो तर बाबा ओट्यावर वाट बघत बसलेले.

"मालकानं निरोप धाडला. त्याईची लहान रायफल इकून राहिले. म्हनाले, तुह्या मास्तरले पायजे तं पयले त्याले."

मालक म्हणजे आमच्या आणि आजूबाजूच्या चार गावांचे मालगुजार, सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी सरकारनं काढून घेतली त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांची मोटार गेली, घोडा गेला, आता बंदुका निघाल्या होत्या. पण गाव त्यांना मालकच म्हणायचं.

"बघतो," मी म्हणालो. "वाजवून बघीन आधी."

"वाजवून? त्याईच्या दारात?"

"मग काय झालं?"

"मालकाची बंदूक हाय गा ते. माठ नोहे, टिचकी मारून पाहाले."

"बाबा, पारखून घ्यायची वस्तू आहे. मालकाची असो की कोणाची असो."

बाबांनी गुडघा चोळला. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे, तो ओट्यावरून सरळ पुढं ताणलेला होता. त्या गुडघ्यात चौदा वर्षांपूर्वी गोळी शिरली होती, आणि ती ह्याच रायफलीची होती.

ते सांगायलाच हवं. आमच्याकडं हाका करतात. काही माणसं ढोल-डबे वाजवत रान हलवत येतात, समोर बंदूकवाले बसलेले असतात, आणि दोन्ही बाजूंना एकेका झाडापाशी एकेक माणूस उभा करतात, जनावर बाजूनं निसटू नये म्हणून. गावात हाक्याचा एक म्होरक्या असे. चिचगडकडून येऊन आमच्याकडं वस्ती केलेला गोंड माणूस, जंगल त्याला तळहातासारखं पाठ. हाका सुरू होण्याआधी तो प्रत्येकाला त्याच्या झाडापाशी नेई, त्याचा हात बुंध्यावर ठेवी आणि म्हणे, हे झाड तुहं. मग ढोल थांबेपर्यंत हात झाडावरून काढायचा नाही. समोरून वाघ येवो नाहीतर ससा येवो. बंदूकवाल्याला माणूस कुठं आहे हे पक्कं माहीत असावं, म्हणून हा कायदा. जो झाड सोडील त्याला शिकारीतला वाटा नाही. हाक्यात कुत्र्यालासुद्धा वाटा असतो.

त्या दिवशी बाबांना धावड्याचं झाड मिळालं होतं. मालकांकडं कोणी मोठा अंमलदार पाहुणा आला होता. रानातून एक ससा निघाला आणि बाबांपासून हातभर अंतरावर थबकला. गोळी सुटली आणि बाबांच्या गुडघ्यात बसली. म्होरक्या पहिला धावत गेला. परत येऊन त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, यानं झाड सोडलं. सशावर झडप घालाले गेला.

बाबांना बाजेवर घालून घरी आणलं. पाच ससे आणि एक भेकर पडलं होतं. सगळ्या गावात वाटे गेले. मायनं चूल पेटवून ठेवली होती, कारण बाबांनी झाड सोडलं असं ठरल्याचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं वाटा आला नाही.

पुढच्या महिन्यात मालकांनी बाबांना तलावाखालची तीन एकर जमीन करून दिली. चूक याची स्वतःची, तरी मालकांनी दया केली, असं गाव म्हणे. बाबाही तसंच म्हणत. दर बाजाराच्या दिवशी ते मालकांच्या ओट्यावर जाऊन बसत, मालक त्यांच्याशी घटकाभर बोलत. गावात बाबांना पाठीमागं झाडसोड्या म्हणत, कधी तोंडावरही. त्या तीन एकरांवर मी शिकलो. शाळा, नागपूर, बी.ए., सगळं.

रविवारी सकाळी आम्ही मालकांकडं गेलो. बाबा येतो म्हणाले, बहुतेक मी काही आगाऊपणा करू नये म्हणून. मागच्या अंगणात मालक खुर्चीत बसले होते. अंगात बंडी, डोक्यावर काही नाही. आधी त्यांना मी कधी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. दोन-चार गडी आणि गावातली दोन-चार माणसं उगाच उभी होती.

"आइये मास्तर! बसा. पाहून घ्या तुमची वस्तू."

"वाजवून बघू का मालक?"

बाबांनी खाली बघितलं. मालक हसले. "जरूर. शिकलेला माणूस आहे, बिना परखे कसा घेणार?"

मी बोल्ट काढला, मागच्या बाजूला नखाएवढा पांढरा कागद धरला आणि तोंडाकडून नळीत पाहिलं. उजेड आट्यांवरून फिरत फिरत डोळ्यापर्यंत आला, कुठं गंजाचा डाग नाही. तोंडाच्या कडेवरून नख फिरवलं, अडकलं नाही. चाप बघायच्या आधी आत रिकामं काडतूस घातलं. टू-टूचा चाप नुसता ओढत राहिलं तर सुई नळीच्या कडेवर आपटून आपटून ती कड खराब होते. मालक बघत होते.

"याला येते," ते बाबांना म्हणाले. "तुझ्या पोराला येते बरं."

मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

अंगणामागच्या तलावाच्या पाळीला एक मोठा कोरा कागद बाभळीच्या काट्यांनी टोचला. त्यावर शाईनं रुपयाएवढा ठिपका काढला होता. पन्नास पावलं मोजली, कोंड्याच्या पोत्यावर रायफल टेकवली. आधी मालकांच्या डब्यातली जुनी काडतुसं वाजवली, ती तळहाताएवढ्या जागेत विखुरली. मग तसाच दुसरा कागद लावून मी नागपूरहून आणलेली पाच वाजवली. कागद आणायला मीच गेलो. पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून, अंगठ्याखाली झाकतील एवढ्या जागेत. असा गट मी कॉलेजातल्या रायफलीनंही कधी काढला नव्हता. फक्त तो गट शाईच्या ठिपक्यापासून वीतभर डावीकडं, कागदाच्या अगदी काठाशी होता.

उभ्या माणसांपैकी एक जण वाकून बघू लागला.

"मास्तर, ठिपका तं जसाच्या तसा हाय! बी.ए. वाया गेलं म्हना."

सगळे हसले. मला झोंबलं. वर्गात फळ्यासमोर उभा राहावं तसा मी कागद हातात धरून उभा राहिलो.

"चुकलो नाही मी. माणूस चुकतो तेव्हा गोळ्या इकडंतिकडं पडतात. ह्या बघा, एकाच ठिकाणी आहेत. चुकते ती रायफल. आणि ही दर वेळी सारखीच चुकते. बरोबर वीतभर, बरोबर डावीकडं."

नळीच्या टोकावर जो बारीक खुंट असतो, ज्याला धरून नेम घेतात, त्याला माशी म्हणतात. मी ती दाखवली. दोरा जाईल एवढी ती उजवीकडं सरकलेली होती. "हिला ठोकून डावीकडं केली की झालं. एवढी चांगली नळी मला नागपुरात नाही मिळाली."

"अगदी बरोबर," मालक खूश होऊन म्हणाले. "आली तेव्हापासून अशीच मारते ती. मी कधी ठोकली नाही. वीतभर उजवीकडं धरायची, आदत हो गई. म्हणून तर मी ही दुसऱ्याच्या हातात देत नसे. दुसऱ्याला काय माहीत, तो नेम धरील एकीकडं आणि..."

तिथं ते थांबले.

बाबा ओट्याच्या कडेला बसले होते. पाय समोर ताणलेला. ते सावकाश म्हणाले, "त्या दिवसी तं देल्ली होती जी. पाव्हन्याले."

ज्यानं थट्टा केली होती तो माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. मालकांनी माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग बाबांच्या गुडघ्याकडं. मग ते गड्याकडं वळले.

"चाय सांगा रे आत."

चहा आला, आम्ही प्यालो. निघताना मालक मला म्हणाले, "कागदपत्रं करून घ्या मास्तर. रायफल तुमची." बाबांकडं त्यांनी पाहिलं नाही.

घरी जायला तलावाच्या पाळीवरून वाट होती. बाबा पाय ओढत मागून येत होते. मी थांबून विचारलं, "बाबा, त्या दिवशी पाहुणा तुमच्यापासून किती पावलांवर होता?"

"शंभरक असंल."

"आणि ससा तुमच्यापासून?"

"हातभर. माह्या डाव्या अंगाले. तेव्हाबी सांगतलं होतं मी."

मला गणित करायला वेळ लागला नाही. पन्नास पावलांवर एक वीत, तर शंभर पावलांवर दोन. दोन विती म्हणजे हात. समोरून बघणाऱ्याच्या डावीकडं हातभर म्हणजे नेमका बाबांचा डावा गुडघा. मी ते सांगितलं, पाळीच्या धुळीत काडीनं काढून दाखवलं. पाहुण्यानं नेम सशावरच धरला होता. बाबांनी जागा सोडली नव्हती. सोडली असती, सशाकडं एक पाऊल जरी टाकलं असतं, तर गोळी त्यांना लागलीच नसती.

बाबांनी त्या रेघांकडं बराच वेळ पाहिलं. मग पाय सरळ ठेवून खाली बसले.

"मी सांगतलं होतं. पयला मयनाभर सांगत होतो. मंग जमीन भेटली, मंग नाई सांगतलं."

"पण तुम्हाला तर माहीत होतं ना?"

"पयले मालूम होतं. मंग सारेच म्हनत, रोज म्हनत. मले पडल्यावरचं काई याद नाई. मंग आदीचंबी जाऊन राहिलं डोक्यातून. मलेच वाटे का बा हाललो असीन. ससा जवर होता, भूक तं होतीच. हाललो असीन."

मी आयुष्यात जितका रागावलो असेन त्यात तो राग सगळ्यात मोठा. बाबा नुसतं खोटं सहन करत असते तर निभलं असतं. पण त्यांच्या स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास काढून घेतला होता आणि त्या जागी तीन एकर ठेवले होते.

"मालकाला गावासमोर बोलायला लावतो," मी म्हणालो. "रायफल येऊ द्या. बाजाराच्या दिवशी सगळ्यांना बोलावतो, सगळ्यांदेखत वाजवतो. बघू मग कोण झाडसोड्या म्हणतो."

"तुले पगार सुरू झाला म्हनून बोलून राहिला तू."

"म्हणजे?"

"म्हंजे काई नाई. चाल."

भंडाऱ्याला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन परवान्यावर नंबर चढवून आणायला पंधरा-वीस दिवस गेले. तोवर रायफल मालकांकडंच राहणार होती, तसा नियमच आहे. त्या दिवसांत मी वर्गात नकाशा लावून उभा राही आणि मनात बाजारातलं भाषण तयार करी. काय काय शब्द जमवले होते! मालक मान खाली घालून उभे आहेत, गाव बाबांची माफी मागतं आहे, असं सगळं चित्र. त्या चित्रात बाबा कुठं उभे आहेत, हे मात्र मी कधी बघितलं नाही.

परवाना घेऊन मालकांकडं गेलो. त्यांनी स्वतः आतून रायफल आणली. तेल देऊन पुसलेली होती.

"मास्तर, तुमच्यासाठी माशी सरळ करवून ठेवली. आता बिनघोर मारा."

मी टोकाकडं पाहिलं. माशी डावीकडं सरकली होती, आणि जिथं ती आधी होती तिथं ताज्या धातूची चमकती रेघ दिसत होती. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. म्हातारे, थकलेले, सभ्य डोळे. त्यांनी हे सौजन्यानं केलं की पुरावा पुसायला केलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही मी पैज लावणार नाही. "आभारी आहे," असं म्हणून बाहेर पडलो. ह्या एका वाक्याची मला आजवर लाज वाटते.

घरी येऊन मागच्या बांधीत कागद लावला. पाच गोळ्या, पाचही ठिपक्यात. शाई दिसेनाशी झाली. एवढी नेमकी रायफल मी जन्मात हातात धरली नव्हती. मी घरात गेलो, हातोडी आणि पितळेचा एक तुकडा आणला आणि माशी उलटी ठोकायला बसलो.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय करून राहिला?"

"होती तशी करतो. बाजाराच्या दिवशी दाखवायची आहे ना."

"आता तू ठोकून खोटी करशीन, आन लोकाले सांगशीन का ही पयलेपासून अशीच होती?"

"होतीच ना!"

"होती. पन आता जे तू करशीन ते तुहं असंल. मानसं येडे नाईत गा. म्हनतीन, मास्तरनं बापासाठी बंदूक वाकडी केली."

मी हातोडी खाली ठेवली. माझ्याकडं उरला होता तो मालकांकडचा कागद, पाच भोकांचा. बाबांनी तो मागून घेतला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि काठी उचलली.

"कुठं चालले?"

"म्होरक्याकडं."

मीही मागं गेलो. म्होरक्या आता फार म्हातारा झाला होता. झोपडीसमोर उन्हात बसून बांबूच्या काड्या सोलत होता. बाबांनी कागद त्याच्या मांडीवर उलगडून ठेवला आणि मी बोलायच्या आत मला हातानं थांबवलं.

"ते लहान रायफल डावीकडं मारते. वीतभर. पोट्ट्यानं वाजवून पायली. मालकबी बोलले."

म्हाताऱ्यानं कागद उचलला नाही. नुसता बघितला. "मालूम हाय."

"कवापासून?"

"त्या दिवसापासून. पन बंदुकीचं नाई मालूम मले. तुहं मालूम हाय." त्यानं काडी सोलायची थांबवली. "मी पयला आलो ना तुह्याजवर. तू खाली पडला होता. डोरे पांढरे झाल्ते. हात धावड्यालेच होता. मीच सोडवला. सुटत नोहता, बोटं बुंध्यात रुतले होते."

मी ओरडलोच. "मग खोटं काऊन बोलले? सगळ्यांसमोर?"

म्हातारा माझ्याकडं वळलाही नाही. तो बाबांशीच बोलला. "मालकानं पयले मले बाजूले घेतलं, म्हनाले, पाव्हना मोठा हाय, नाव बाहेर जाऊ नये. तू सांगशीन ते लोकं मानतीन. आन मी त्याले जमीन देतो. मंग मी इचार केला. खरं बोललो असतो तं पाव्हना तं मोटारीत बसून निंगून गेला असता. तुले का भेटलं असतं? धुपाटनं."

"मले इचारलं असतं," बाबा म्हणाले.

"बेसूद होता तू."

"मंग. चौदा वरसात कवातरी इचारलं असतं."

म्हाताऱ्यानं पुन्हा काडी सोलायला घेतली. मला वाटलं, आता बाबा काठी उचलतात. पण त्यांनी पुढं झुकून अगदी हळू आवाजात विचारलं, "कोनता हात होता?"

"उजवा."

"पक्कं?"

"उजवा. मी सोडवला म्हनून तं सांगतो."

बाबांनी स्वतःचा उजवा हात पालथा-उताणा करून पाहिला. मग कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि काठीवर भार देऊन उठले. म्हातारा म्हणाला, "बस ना. तमाखू खा." बाबा म्हणाले, "नाई, निंगतो."

वाटेत मी पुन्हा सुरू केलं. आता साक्षीदार आहे, मालक आहेत, गावाला सांगितलंच पाहिजे. बाबा एका जागी थांबले.

"कोनाले सांगशीन? त्या दिवसी जे झाडापाशी हुभे होते त्याईतले अर्धे मेले. बाकीचे म्हनतीन, जमीन खाल्ली, पोट्टं शिकोलं, आता नाव पायजे. खोटं का म्हनतीन ते?"

"खोटंच ते!"

"माह्या जितेपनी बोलू नको. मले मालूम झालं. बस झालं."

त्यांच्या हयातीत मी हे कुणाला सांगितलं नाही, आणि ते बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही. झाडसोड्या हे नाव गावात चालूच राहिलं. जो कोणी हाक मारी त्याला बाबा पूर्वीसारखे ओ देत. मला मात्र ते ऐकवत नसे, आणि मी गावी जाणं कमी केलं. रायफल मी अर्जुनीला नेली. नागपूरला दोनदा स्पर्धेत उतरलो, एकदा दुसरा आलो. ससे, तितर मारले. हाक्याला मात्र कधी गेलो नाही, बोलावणं आलं तरी. ती रायफल निवडण्यात माझी काही चूक झाली नव्हती. आजही कुणी विचारलं तर मी तीच निवड सांगीन. पण ती वाजवायची ती मालकांच्या अंगणात, सगळ्यांदेखत, कागद उंच धरून, ही हौस माझी होती. बाबांनी नको म्हटलं होतं.

म्होरक्याकडं जाऊन आलो त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी सुट्टी काढून घरीच होतो. बाबा ओट्यावर बसले होते. ऊन कलायला लागलं, मालकांकडं जायची त्यांची वेळ टळून गेली, तरी ते उठले नाहीत. शेवटी मालकांचा गडी बोलवायला आला. "काका, मालक वाट पाहून राहिले. चहा ठेवला म्हनाले."

बाबा दोन्ही हातांनी डावा पाय ओट्यावर घेत म्हणाले, "सांग, पाय दुखते म्हना. आता नाई जमत यवाले."

गडी माझ्याकडं बघू लागला. चौदा वर्षांत पायाचं कारण त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं.